शेवंतामावशीचा शेक

ज्या दिवशी रेश्माच्या बाजेला आग लागली, त्या दिवसानंतर शेवंतामावशीला आमच्या गावात कुणी बाळंतिणीकडे बोलावलं नाही. आग दुपारी लागली. मावशी तेव्हा त्या घरात नव्हती. हीटर तिचा होता.

एवढं खरं आहे. याच्यापुढे गावात जे सांगतात ते मी लिहिणार नाही. ते सांगायला माणसं पुष्कळ आहेत, आणि ती अजून सांगतात. मला मावशीबद्दल लिहायचं आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

मावशी माझी नात्याची नव्हे, शेजारीण. आमचं गाव डोळखांबच्या बाजूला, चढावरचं. मी रोज एसटीनं शहापूरला वाचनालयात कामाला जायची आणि संध्याकाळी परतायची. मावशी तेव्हा तिच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. खुर्चीत ती कधी बसली नाही. खुर्चीत बसलं की माणूस दुसऱ्याला काम सांगायला लागतो, असं तिचं मत होतं; काम तर ती उंबऱ्यावरूनही सांगायचीच. "काय गो पुस्तकवाले, आज काय वाचलंस? बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते हाय का त्या पुस्तकात?" मी म्हणायची, एका पुस्तकात आहे. "मंग त्या पुस्तकालाच बोलव उद्या. मी झोपते."

बाळंतिणीचं आणि बाळाचं अंग रगडायचं, न्हाऊ घालायचं आणि मग शेक द्यायचा, हे तिचं काम. पूर्वी ती बाळंतपणंही करायची. मग बायका दवाखान्यात जायला लागल्या, आणि ते बरंच झालं असं ती स्वतःच म्हणायची. "आमच्या हातनं जेवढ्या वाचल्या तेवढ्याच सांगतात लोक. गेल्या त्या कोण सांगतंय?" असं बोलणारी सुईण मी दुसरी पाहिली नाही. पण दवाखान्यातून घरी आलेल्या बाईला शेक लागतोच, यावर ती ठाम होती. डॉक्टर म्हणत, काही गरज नाही. ती म्हणायची, "डॉक्टर बाळंत झालाय काय कधी?"

तिचा स्वभाव गोड नव्हता. मेल्यानंतर तिला गोड करायचं काम गावानं दहाव्यालाच उरकून घेतलं, म्हणून हे आधी सांगते. ती घरात शिरायची ती हाक न मारता. बाळंतीण जेवली का हे विचारल्याशिवाय चहा घ्यायची नाही, आणि जेवली नसेल तर सासूला तिच्या सुनांसमोर झाडायची. "तुझी गाय व्याली तर तिला आंबोण घालतेस ना? मंग हिला काय पाप लागलंय?" मिशरी लावलेल्या दातांनी हसायची क्वचित, शिव्या द्यायची सढळ. गाढवे ही तिची मायेची हाक होती. मायेची नसेल तेव्हा नुसतं बघायची.

शेक म्हणजे काय, ते हल्लीच्या वाचकांना सांगायला हवं. बाळंतीण सुंभानं विणलेल्या बाजेवर निजायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर राखेचा थर. निखाऱ्यावर चिमूट चिमूट ओवा, शेपा, लसणीची सालं; त्याची धुरी. घर कुडाचं, कारवीच्या काठ्यांना शेण-माती लिंपलेलं. कौलांतून, वाशांमधून, कुडाच्या भेगांतून वारा खेळायचा. धूर आपला आपण वाट काढायचा. शेकानं माणूस गेलं असं तिच्या तरुणपणी तिनं ऐकलं नव्हतं.

मग घरं बदलली. कूड पाडले, विटा आल्या, स्लॅब पडला, सरकत्या काचांच्या खिडक्या बसल्या. शेगडी मात्र तीच राहिली.

मावशीचं माहेर टोकावड्याचं. तिच्या बहिणीच्या नातीचं बाळंतपण तिथे झालं तेव्हा शेकायला ती स्वतः गेली होती. नवं घर, थंडीचे दिवस. तिनं शेगडी पेटवली, खिडकी फटभर उघडी ठेवली आणि पाठ टेकायला पडवीत गेली. पोरीला वारा लागेल म्हणून घरच्यांनी खिडकी ओढून घेतली आणि दारावर घोंगडी टाकली. मावशी उठून आत गेली तेव्हा पोरगी हाकेला ओ देईना. तिला उचलून बाहेर आणली, ती वाचली. बाळ वाचलं नाही. दवाखान्यात सांगितलं, कोळशाचा वायू. दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत साचतो.

हे तिनं मला एकदाच सांगितलं. "खिडकी त्यांनी लावली, ते खरं. पण शेगडी मीच पेटवलेली. ह्याच हातानं." आणि हात असा पुढे केला, जसा काही तो माझ्या ताब्यात द्यायचा होता.

त्यानंतर तिनं शेकायचं काम सोडलं. रगडायला, न्हाऊ घालायला जायची, शेगडीचं नाव काढलं की उठून चालायला लागायची. मग तिचा खांदा धरला. हात वर जाईना. मी तिला शहापूरला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीनं तिला स्टुलावर बसवून खांद्यावर लाल दिवा लावला.

"आजी, हलू नका."

"हलत नाय गो. पण ह्यात निखारा कुठं हाय?"

"निखारा नाही आजी, इन्फ्रारेड आहे."

"ते तुझं तुझ्याजवळ ठेव. ऊब कुठनं येते ते सांग."

मुलगी हसली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. मावशीनं पदर घेतला आणि दिवा नि खांद्याच्या मध्ये धरला. काढला. पुन्हा धरला. मग तळहात उलटा करून धरला, आधी जवळ, मग लांब. मग माझा हात ओढून घेतला. "बघ. पदर आड आला की ऊब बंद. काढला की चालू. म्हणजे ती हवेतनं नाय येत, सरळ येते. उन्हासारखी." स्टँडवर म्हणाली, "पुस्तकवाले, तुझ्या वाचनालयात ह्याचं कायतरी असंल ना? बघ जरा."

मी बघितलं. तापलेली प्रत्येक वस्तू किरण टाकते. त्यातले थोडे आपल्याला दिसतात. लाल रंगाच्या पलीकडचे दिसत नाहीत, त्यांना अवरक्त म्हणतात. ते हवेतून येताना हवेला फारसे तापवत नाहीत. जे आडवं येईल, कातडी, कापड, भिंत, त्यात ते मुरतात आणि तिथे ऊब होते. जवळ असेल तर फार, लांब गेलं की झपाट्यानं कमी. ज्या बाजूनं पडतील ती बाजू तापते, दुसरी गार राहते. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शेगडीची ऊब पण हीच." मी म्हटलं, बरीचशी हीच. "फक्त दिव्यात वायू नाय." हो, फक्त वायू नाही. मग म्हणाली, "मुरबाडला कधी जायचं?"

मुरबाडच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात मी तिच्या मागे उभी होते. दुकानदारानं पंख्याचा हीटर पुढे केला. "हा घ्या मावशी. पाच मिनटात खोली गरम."

"मला खोली नाय गरम करायची. खोलीला काय बाळ झालंय?"

दुकानातली माणसं हसली. दुकानदारानं काचेच्या नळ्यांचा हीटर काढला. तिनं दोन्ही चालू करायला लावले आणि रस्त्याकडे तोंड करून, वाऱ्यात, दोन्हींपुढे आळीपाळीनं पाठ करून उभी राहिली. पंख्याची ऊब वाऱ्याबरोबर गेली. नळीची पाठीला लागली. "हा दे. आणि तो पंखा तू तुझ्या खोलीला घाल."

मग सुरू झालं तिचं दुसरं आयुष्य. तांदळाच्या रिकाम्या पोत्यात हीटर घालून ती तो खांद्याला लावायची आणि घरोघर जायची. आधी भिंतीतलं सॉकेट बघायची. जाड पिनीचं नसेल तर लोंबत्या बोर्डाला तो लावू द्यायची नाही. तशीच परत जायची. मग बाळंतिणीला पाटावर बसवायची, पाठ हीटरकडे, मध्ये दोन हात अंतर. दोनपैकी एकच नळी लावायची. बाळ आईच्या मांडीवर, आईच्या सावलीत, तोंड पलीकडे. हीटरवर काही वाळत घालायचं नाही, जवळ गोधडी लोंबू द्यायची नाही. स्वतःचा हात उलटा करून बाळंतिणीच्या पाठीजवळ धरून बसायची. हाताला चटका वाटला की पाट पुढे सरकवायची. "जिवाला सोसंल तेवढंच." झालं की बटण बंद, पिन काढली, नळी गार झाली की पोत्यात. लाईट गेली तर अंगणात उन्हात बसवायची. "हा पण त्याच घरचा," उन्हाकडे बोट करून सांगायची.

पोरी खूश होत्या. डोळे चुरचुरत नव्हते, बाळं खोकत नव्हती. म्हाताऱ्यांना मात्र ते पटलं नाही. धूर नाही, वास नाही, हा कसला शेक? सगळ्यांत जास्त पटलं नाही ते जनाआत्याला. जनाआत्या म्हणजे रेश्माची चुलतसासू, मोठ्या घरची. "ओवा नाय, शेपा नाय, नि म्हणे शेक. पाठीला लागतो शेक? शेक खालनं लागतो."

"ओवा खायला दे तिला," मावशी म्हणाली. "जाळून कुणाचं पोट भरलंय?"

सगळ्यांच्या देखत बोलली. जनाआत्याला देखत बोलायची सवय होती, ऐकायची नव्हती.

रेश्मा बाळंत झाली तेव्हा मावशी रोज जायची. त्यांच्या घरी जाड पिनीचं सॉकेट होतं. त्या दिवशी तिला पुढे दुसऱ्या घरी फक्त न्हाऊ घालायला जायचं होतं, म्हणून रोज पोत्यात जाणारा हीटर तिनं पिन काढून कोपऱ्यात उभा केला. परत येते नि नेते, म्हणाली. ती गेल्यावर जनाआत्यानं रेश्माला बाजेवर निजवलं, हीटर उताणा करून बाजेखाली सरकवला, दोन्ही नळ्या लावल्या आणि जाळीवर ओवा टाकला. तिला शेगडीची रीत ठाऊक होती. ती तिनं हीटरला लावली. पण निखाऱ्यावर राख असते, हीटरवर नसते. आणि बाज आता सुंभाची नव्हती, नायलॉनच्या पट्टीची होती. पट्टी वितळली, गोधडीनं पेट घेतला. बाळ पाळण्यात होतं. रेश्माची पाठ आणि मांडी भाजली.

हे मला आणि मावशीला रेश्मानं सांगितलं, दवाखान्यात, जनाआत्या चहा आणायला गेली तेवढ्या वेळात. पालथी निजली होती. शेवटी म्हणाली, "मावशी, माझं नाव नका सांगू. मला त्याच घरात जायचंय." मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाय सांगणार गो." म्हणूनच इथली नावं मी बदलली आहेत.

गावात तोपर्यंत ठरून गेलं होतं की मावशीचा हीटर फुटला.

देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. मला वाटलं होतं मावशी ओरडेल. तिला ओरडता येत होतं. पण तिनं शब्द दिला होता. जनाआत्याचं नाव घेतलं असतं तर हे हिला कुणी सांगितलं, असा पुढचा प्रश्न आला असता आणि तो रेश्माच्या अंगावर गेला असता. म्हणून तिनं दुसरं ठरवलं. हीटर फुटलेला नाही हे दाखवायचं. ती पोतं घेऊन आली. काळवंडलेला हीटर पुसून आणला होता, नळ्या शाबूत होत्या. नायलॉनच्या पट्टीचे दोन तुकडे आणले होते, दोन विटा आणल्या होत्या. मंडपातल्या सॉकेटात पिन लावली, हीटर उताणा ठेवला, विटांवर पट्टी ताणून धरली.

पट्टी पिवळी पडली, आकसली, आणि थेंब थेंब खाली पडली. जळका वास सुटला. पुढे बसलेली माणसं मागे सरली.

"बघितलं? असा उताणा ठेवला तर हे व्हतं," मावशी म्हणाली. "मी असा ठेवत नाय. आता मी ठेवते तसं बघा." तिनं हीटर उभा केला, दोन हात अंतरावर पट्टीचा दुसरा तुकडा धरला. तुकड्याला काही झालं नाही. पण तिकडे कुणी बघत नव्हतं. सगळे खाली पडलेल्या थेंबांकडे बघत होते.

बारकूदादा गावातले जाणते म्हणून मधोमध बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे हे जाळतं, ते तुमीच दाखवलंत, मावशी."

मागून कुणी तरी म्हणालं, "पुरावा घरनंच घेऊन आली." माणसं हसली. बाई भाजून दवाखान्यात पडली होती आणि माणसं देवळात हसली.

मी उठले. म्हटलं, चूक हीटरची नाही, तो कसा ठेवला त्याची आहे. आणि तो कुणी ठेवला हे विचारा ना. बारकूदादा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी पुस्तकातलं सांगता. बसा." जनाआत्या खांबाला टेकून बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तिचे डोळे मला दिसत होते. ते कोरडे होते. यापुढे कुठल्याही घरी हीटर न्यायचा नाही असं ठरलं. पुन्हा शेगडी सुरू करायची असं कुणी म्हणालं नाही. ते म्हणायची गरजच नव्हती.

घरी येताना मावशी म्हणाली, "दुसरं आधी दाखवायला पायजे व्हतं गो. मी उलटं केलं." गाव अख्खं उलटं वागलं होतं आणि ही बाई स्वतःची चूक शोधत होती. मला तिचाही राग आला. अजून येतो. ओरडायला हवं होतं तिनं. रेश्माला दिलेला शब्द मोडून नव्हे, ते मला कळतं. तरी ओरडायला हवं होतं.

ती थंडी सुरू झाली आणि गावात पुन्हा शेगड्या पेटल्या. बंद काचांच्या आत. मावशीला कुणी आत घेत नव्हतं, मग ती बाहेरून जायला लागली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कुठली हे तिला गावातल्या प्रत्येक घराचं ठाऊक होतं. संध्याकाळी काठी घेऊन निघायची. खिडकीपाशी जाऊन काठीच्या टोकानं काच सरकवायची. कडी लावलेली असेल तर काचेवर ठोकायची. "खिडकी उघडा गो! शेगडी हाय ना आत? मंग उघडा!"

आतून शिव्या यायच्या. म्हातारीला वेड लागलंय, पोराला दृष्ट लावते, एक जाळली आता दुसरी गारठवणार. एकदा कुणी तरी वरून पाणी ओतलं. ती भिजलेली घरी आली, लुगडं बदललं आणि पुन्हा गेली. मी म्हटलं, मावशी, उद्या जा. "वायू उद्यापर्यंत थांबतोय काय?" त्या थंडीत आणि त्याच्या पुढच्या थंडीत आमच्या गावात शेगडीनं कुणी गेलं नाही. याचं श्रेय कुणी कुणाला दिलं नाही. जे घडलं नाही त्याचं श्रेय कोण देणार?

मी तिला शेवटची पाहिली ती अशीच. एसटीतून उतरून मी चढ चढत होते. एका घराच्या मागच्या बाजूला ती टाचा उंचावून उभी होती. खांदा तिचा पुरता सुटला नव्हता, म्हणून डाव्या हातानं काठी धरली होती. काच थोडी सरकली, आतून कुणी तरी ती परत लावली. तिनं पुन्हा सरकवली. पुन्हा लागली. तिचं तोंड चालू होतं, शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते. मी हाक मारली नाही. ती कामात होती. त्याच आठवड्यात ती अंगणात पाणी भरताना पडली आणि शहापूरला नेईपर्यंत गेली.

दहाव्याला सगळं गाव होतं. हाताला गुण होता, असं म्हणाले. अशी माणसं आता होणार नाहीत, असं म्हणाले. बारकूदादा दोन शब्द बोलले आणि ते चांगले बोलले. जनाआत्या सगळ्यांत मोठ्यानं रडली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यानं मला जास्तच संताप आला. रेश्मा बाळाला कडेवर घेऊन मागे उभी होती. तिला पाठ टेकून बसता येत नाही. ती काही बोलली नाही आणि मी तिला बोल असं म्हणणार नाही.

या थंडीत गावात एक बाळंतीण आहे. काल वाचनालयातून येताना मी त्या घरी गेले. पुढच्या दारानं, हाक मारून. शेगडी, बंद खोली, वायू, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हो बाई, बरोबर आहे बाई म्हणाले, सुनेच्या खोलीची खिडकी माझ्यासमोर उघडली आणि मला चहा दिला. मी चहा घेतला. बाहेर येऊन घराला वळसा घातला.

खिडकी बंद झाली होती.